कालची प्रतिमा, आजचे शरीर

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या टापूतल्या घरात कर्करोगाचे निदान झाले म्हणजे घरच्या मंडळींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो दिशेचा. उत्तरेला हमरस्त्याने कोल्हापूर जवळ. त्याच्या अंगाला मिरज, जेथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले तेव्हापासून शस्त्रक्रियेसाठी दूरदूरच्या गावांचे रोगी येत राहिले. दक्षिणेला बेळगाव, जेथे १९१६ साली स्थापन झालेल्या के. एल. ई. संस्थेचे १९६३ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे आणि जेथे त्याच संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ३ जानेवारी २०२५ रोजी झाले. आणि या सर्वांपलीकडे परळचे टाटा रुग्णालय, ज्याचे नाव या भागातल्या खेड्यांत १९४१ नंतरच्या प्रत्येक पिढीने भीती आणि आशा यांच्या मिश्र स्वरात उच्चारले आहे. रोगी बहुधा यांतल्या एकाच दिशेला जात नाही. एका गावी सीटी स्कॅन होतो, दुसऱ्या गावी एमआरआय, तिसऱ्या गावी पेट स्कॅन, आणि चाकू चालतो चौथ्याच ठिकाणी. या सगळ्याचे दप्तर एका कापडी किंवा प्लास्टिकच्या पिशवीतून, नात्यातल्या कोणा तरण्या मुलाच्या हातून, या मोटारीतून त्या मोटारीत फिरत असते.

स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली, तंबाखूच्या वखारीत उमर घालवलेली एखादी बाई पुन्हा आत जायची पाळी आली म्हणजे वैतागून विचारते, "परवाच काढला की वो फोटो कोल्हापुरात, आन् आता परत कशापायी?" आणि आतला तंत्रज्ञ, घाईत असला तरी, तिला समजेल असे उत्तर देतो, "मावशी, त्यो फोटो रोग हाय का न्हाई ते बघायला काढला. ह्यो ऑपरेशनला वाट दाखवायला काढायचा." या एका वाक्यात गेल्या अर्धशतकातील शल्यशास्त्राचा एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. वाट दाखवणारी प्रतिमा आणि टेबलावर निजलेले शरीर यांचा मेळ घालावा कसा, किती सूक्ष्मतेने घालावा, आणि घातलेला मेळ खरा आहे हे ठरवावे कशावरून, याचा विचार करणाऱ्यांची ही हकिगत आहे.

पूर्वीच्या शल्यचिकित्सकाला हा प्रश्न इतक्या तीव्रतेने पडत नसे, कारण त्याच्यापाशी हात होता. उदर मोठ्या छेदाने उघडल्यावर यकृताच्या पोटात दडलेली गाठ तो तळहाताखाली चाचपून शोधी. बोटांना लागणाऱ्या कठीणपणावरून रोगाची हद्द ठरवी आणि तिच्यापलीकडे निरोगी मांसाची एक पट्टी राखून छेद घेई. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले, १९९० च्या मे महिन्यात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती शस्त्रक्रिया भारतात केली, आणि तेव्हापासून अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या छिद्रांतून नळ्या घालून काम करण्याची पद्धत कर्करोगापर्यंत येऊन पोचली. पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बसवलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया २००७ साली 'पुणे तंत्र' या नावाने प्रसिद्ध झाली. रोग्याचा लाभ उघड आहे: वेदना कमी, रक्तस्राव कमी, घरी परतणे लवकर, आणि रोजंदारीवर पोट असलेल्या कुटुंबाला हा शेवटचा लाभ पहिल्या दोहोंइतकाच मोलाचा. पण या सौद्यात शल्यचिकित्सकाने स्पर्श गमावला. पडद्यावर त्याला अवयवाचा पृष्ठभाग लख्ख दिसतो. पृष्ठभागाच्या खाली काय आहे ते दिसत नाही आणि लांब चिमट्याच्या टोकाला ते नीटसे जाणवतही नाही. ते ज्ञान आदल्या दिवसांच्या स्कॅनमध्ये आहे, आणि म्हणून तो स्कॅन शरीरावर आणून बसवणे भाग पडले.

बेळगाव जिल्हा आधी मुंबई इलाख्यात आणि मग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे तेथल्या शेतकऱ्याला मोजणीचा जो प्रकार पिढीजात माहीत आहे त्याचाच दाखला येथे उपयोगी पडेल. बांधाची तक्रार झाली म्हणजे भूमापक कचेरीतून जुने टिपण काढून शेतावर येतो. कागदावरची सरळ रेघ जमिनीवर कोठे उतरते हे त्याला पाहून कळत नाही. म्हणून तो आधी, शिवा मिळतात तेथले जुने दगड शोधतो, कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे निःसंशय ओळखता येतील अशा तीन तरी खुणा निश्चित करतो, त्या परस्परांवर बसतील असा कागद फिरवतो आणि मगच मधली हद्द आखतो. शरीराच्या बाबतीत हेच करायचे असते, मात्र सपाट कागदाऐवजी घनाकृतीत. वस्तू कठीण व न बदलणारी असेल तर तिला जागेवर आणण्यास सहा संख्या पुरतात: तीन दिशांना किती सरकवावे आणि तीन अक्षांभोवती किती वळवावे. त्या सहा संख्या खुणांच्या जोड्यांवरून सरळ गणिताने कशा काढाव्यात याच्या दोन उत्तम रीती १९८७ साली प्रसिद्ध झाल्या आणि आजही शस्त्रक्रियागृहातील यंत्रे मूलतः तेच गणित चालवतात.

या विद्येचा आरंभ मेंदूपासून व्हावा हे स्वाभाविक होते. मेंदू अस्थींच्या पेटीत बंद असतो आणि पेटीला पक्क्या खुणा असतात. १९०८ साली लंडनमध्ये हॉर्सली आणि क्लार्क यांनी प्राण्यांच्या डोक्यावर चौकट बसवून सुई ठरल्या बिंदूपर्यंत नेली. १९४७ साली फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी माणसासाठी तशी चौकट केली. स्वीडनचे लेक्सेल यांनी १९४९ मध्ये तिला सुटसुटीत रूप दिले. पण १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू छेदाछेदाने दाखवला तेव्हा कुठे या चौकटींना खऱ्या अर्थाने दृष्टी लाभली. पुढे १९८६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकटच काढून टाकली आणि शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची जागा यंत्राकरवी मोजून त्यात सीटीची रेखाकृती दाखवली.

आजच्या शस्त्रक्रियागृहात हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे असते. रोग्याला भूल दिलेली आहे, डोके तीन खिळ्यांच्या पकडीत घट्ट धरलेले आहे, आणि त्या पकडीला चकचकीत गोळ्यांची एक छोटी चांदणी जडवली आहे. छताजवळचा अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा त्या गोळ्यांवर सतत लक्ष ठेवतो. शल्यचिकित्सक तशाच गोळ्या लावलेली एक बोथट सळई हातात घेतो आणि तिचे टोक नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, कानाच्या पाळीपुढच्या उंचवट्यावर, असे एकेका जागी अलगद टेकवतो. प्रत्येक टेकवणीला सहकारी एमआरआयच्या चित्रावर तीच जागा निश्चित करतो. खुणा पुऱ्या झाल्या की पडद्यावर एक आकडा उमटतो, मिलिमीटरमध्ये. तो लहान असला की खोलीतल्या सर्वांना हायसे वाटते.

या हायसे वाटण्यातच धोका आहे, आणि तो दाखवून दिल्याबद्दल व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे मायकेल फिट्झपॅट्रिक यांचे ऋण मानले पाहिजे. पडद्यावरचा आकडा खुणा खुणांवर कितपत बसल्या एवढेच सांगतो. गाठ जेथे आहे तेथे चूक किती, हे तो सांगत नाही. फिट्झपॅट्रिक यांनी १९९८ मध्ये लक्ष्यस्थानाची अपेक्षित चूक काढण्याचे सूत्र दिले आणि २००९ मध्ये असेही सिद्ध केले की खुणांवरची चूक आणि लक्ष्यावरची चूक यांचा एकाच रोग्यापुरता परस्परांशी काही संबंध नसतो. सगळ्या खुणा चेहऱ्यावर आणि गाठ डोक्याच्या मागच्या भागात, अशी स्थिती असेल तर समोर अर्ध्या मिलिमीटरचे वळण चुकल्यासारखे न वाटताही मागे कितीतरी मोठे अंतर पडते. म्हणून जाणता शल्यचिकित्सक आकड्यावर विसंबत नाही. तो सळई अशा जागी टेकवून पाहतो जी खुणांत धरलेली नव्हती आणि जी डोळ्यांनी ओळखता येते, आणि पडद्यावरची सळई तेथेच दिसते ना याची खात्री करून घेतो. माझ्या मते या संपूर्ण विद्येचा प्राण या पडताळणीत आहे, आणि जो विक्रेता यंत्राची सूक्ष्मता सांगताना हिच्याबद्दल मौन पाळतो त्याच्या यंत्राकडे रुग्णालयांनी सावधपणे पाहावे.

दोन वेगळ्या जातींच्या प्रतिमा एकमेकींवर बसवण्याचा प्रश्न याहून निराळा. सीटीमध्ये अस्थी पांढरी दिसते, एमआरआयमध्ये काळी. पेटमध्ये शरीराची आकृती जेमतेम कळते आणि साखर अधिक खाणारा रोग तेवढा उजळतो. तेव्हा पांढऱ्यावर पांढरे ठेवून जुळणी होणार नाही. १९९५ च्या सुमारास बेल्जियममधील लुव्हेन आणि अमेरिकेतील एमआयटी या दोन ठिकाणच्या संशोधकांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील माहितीशास्त्रातून एक विलक्षण सुंदर उपाय काढला. त्यांनी यंत्राला रंग जुळवायला सांगितले नाही. त्यांनी असा प्रश्न विचारायला सांगितले की एका प्रतिमेतील एखाद्या बिंदूची छटा मला ठाऊक असेल तर दुसऱ्या प्रतिमेतील त्याच जागेच्या छटेबद्दल मी किती खात्रीने बोलू शकतो? प्रतिमा वेड्यावाकड्या पडल्या असतील तर खात्री थोडी. त्या यथास्थित बसल्या म्हणजे खात्री सर्वांत अधिक. यंत्र प्रतिमा किंचित सरकवते, किंचित वळवते, खात्री वाढली का पाहते, आणि वाढेनाशी झाली की थांबते. शरीररचनेचे अक्षरही न जाणता शरीर जुळवणारे हे गणित मला विसाव्या शतकाच्या थोर बौद्धिक कृतींपैकी एक वाटते.

पण गणित सुंदर असले तरी शरीर स्वस्थ बसत नाही. कवटी उघडली, मेंदूभोवतालचा द्रव वाहून गेला, गाठीचा काही भाग निघाला, की मेंदू आपल्याच भाराने खाली बसतो. ज्या रॉबर्ट्स यांनी चौकट काढून टाकली त्यांनीच १९९८ मध्ये २८ शस्त्रक्रियांतील मोजमापे प्रसिद्ध केली आणि मेंदूचा पृष्ठभाग सरासरीने सुमारे एक सेंटिमीटर सरकतो असे दाखवले. स्वतःच्या शोधाची मर्यादा स्वतः मोजून जगापुढे मांडण्याची ही वृत्ती शास्त्रात वाटते तितकी सुलभ नाही. सकाळी दीड मिलिमीटरने जुळवलेला एमआरआय दुपारी एक सेंटिमीटरने खोटा ठरतो, आणि कर्करोग वाचेच्या किंवा हातपायांच्या चालनेच्या केंद्रालगत असेल तर सेंटिमीटर म्हणजे आयुष्य.

यावर श्रीमंत देशांनी शस्त्रक्रियागृहातच एमआरआय यंत्र बसवण्याचा मार्ग काढला. टाटा मेमोरियल केंद्रात डॉ. अलीअसगर मोइयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या मार्गावर नेटाने काम केले. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे विकसित झालेल्या पद्धतीचे त्रिमिती सोनोग्राफीचे यंत्र त्यांनी मेंदूच्या गाठींसाठी वापरले आणि २०११ पासून आपले अनुभव क्रमाने प्रसिद्ध केले. पद्धत अशी: गाठीच्या पोकळीत खारे पाणी भरायचे, कॅमेऱ्याला दिसणाऱ्या गोळ्या लावलेला सोनोग्राफीचा प्रोब मेंदूवरून सावकाश फिरवायचा, आणि त्या एका फेरीतून गाठीची त्या क्षणीची घनाकृती उभी करायची. ही प्रतिमा जन्मतःच शस्त्रक्रियागृहाच्या मोजमापात असते, म्हणून तिला वेगळे जुळवावे लागत नाही. मेंदू पुन्हा सरकला तर पुन्हा फेरी. दोषही आहेत, आणि ते त्यांनी लपवले नाहीत: पोकळी वाढत गेली की तिच्या तळाशी खोटी उजळ रेघ दिसते, आणि उरलेला रोग कोणता व प्रतिध्वनीचा आभास कोणता हे ओळखण्यास डोळा तयार करावा लागतो. तरीही, आपल्या देशाच्या ऐपतीत बसणारा आणि आपल्या अडचणीवर थेट बोट ठेवणारा हा मार्ग मला अनुकरणीय वाटतो.

सोनोग्राफीचे यंत्र स्वस्त असले तरी आपल्याकडे ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सहज नेण्याची वस्तू नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यान्वये प्रत्येक यंत्राची नोंदणी आवश्यक आहे आणि हलत्या यंत्राच्या वापरावर कडक निर्बंध आहेत. त्या निर्बंधांमागचे दुःख खरे आहे. मुलींच्या घटलेल्या संख्येने व्यथित झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर देखरेखीची उपकरणे बसवली, ती याच कारणासाठी. कर्करोग शल्यचिकित्सेच्या विभागाने म्हणून यंत्राची नोंदणी आपल्या शस्त्रक्रियागृहाच्या नावे आधीच करून ठेवावी हे उत्तम.

उदराकडे वळले की काठिण्य आणखी वाढते. यकृत श्वासागणिक वरखाली जाते. दुर्बिणीसाठी पोटात पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने कर्बवायू भरला की ते दबते व वळते. चिमट्याने उचलले की त्याचा आकारच बदलतो. येथे सहा संख्यांनी काम भागत नाही, हजारो लागतात, आणि त्या हजारो संख्या ठरवण्यासाठी हाती येतो तो यकृताचा दुर्बिणीतून दिसणारा अपुरा पृष्ठभाग. स्ट्रासबर्गच्या इर्काड संस्थेसह अनेक ठिकाणी यावर वर्षानुवर्षे काम चालू आहे. पडद्यावर यकृताच्या आत पारदर्शक रक्तवाहिन्या दाखवणारी चित्रे पाहून मन मोहते, परंतु एका सेंटिमीटरच्या गाठीभोवती छेद घेताना निव्वळ त्या चित्रावर विश्वास टाकण्याची वेळ अजून आलेली नाही असे मी म्हणेन. जाणते शल्यचिकित्सक येथेही दुर्बिणीच्या नळीतून जाणारा सोनोग्राफीचा प्रोब यकृतावर टेकवून खात्री करून घेतात. सुईने गाठ जाळण्याच्या उपचारात मात्र जुळणी अधिक विश्वासाची, कारण तेथे रोगी सीटीच्या टेबलावरच असतो आणि श्वास रोखून धरण्याची एकच अवस्था पुन्हा पुन्हा साधता येते; सुईचा कोन व खोली दाखवणारी यंत्रे चेन्नईच्या परफिंट या कंपनीने आपल्याकडेच घडवली आहेत. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तर जुळणीचा लाभ आकड्यांनी सिद्ध झाला. ५०० पुरुषांच्या २०१८ मधील 'प्रिसिजन' या अभ्यासात एमआरआयने दाखवलेल्या संशयित जागी नेम धरून घेतलेल्या सुईच्या तपासणीत महत्त्वाचा कर्करोग ३८ टक्क्यांत सापडला, नेहमीच्या पद्धतीने २६ टक्क्यांत.

आता निपाणीविषयी. या गावाची सुबत्ता तंबाखूने आली. वखारीतल्या बायांनी तंबाखू चाळली, निवडली, घराघरांत विड्या वळल्या गेल्या. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी हमरस्ता अडवला आणि गोळीबारात माणसे बळी गेली. ज्या पिकासाठी रक्त सांडले त्याविषयी परक्याने तुच्छतेने बोलू नये. पण त्याच पानाची मशेरी दातांना घासली जाते, त्याचीच चिमूट गालात धरली जाते, आणि भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. या लेखात वर्णिलेली विद्या नेमक्या या रोगाला कितपत उपयोगी? जीभ व गाल अत्यंत मऊ, क्षणोक्षणी आकार बदलणारे. तेथे प्रतिमेची जुळणी फार थोडी साधते, आणि आरंभीचा रोग तर बोटाला लागतो, विजेरीच्या उजेडात दिसतो. गळ्यातील ग्रंथी केव्हा काढाव्यात या वादाचा निकालही यंत्राने लागला नाही. तो टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांच्या शिस्तबद्ध चाचणीने २०१५ मध्ये लावला. मूळ गाठीबरोबरच ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रोगी हयात होते, रोग दिसेपर्यंत थांबले तर ६७.५ टक्के.

मात्र रोग जबड्याच्या हाडात शिरला की चित्र पालटते, कारण हाड आकार बदलत नाही. जबड्याचा तुकडा काढल्यावर त्या जागी रोग्याच्याच पायातील बारीक हाड रक्तवाहिनीसह आणून बसवतात. आधी जबड्याचा व पायाचा असे दोन सीटी घेऊन संगणकावर दोन्ही हाडे एकमेकांशी मांडता येतात, कोठे छेद घ्यावा आणि पायाचे हाड कोणत्या कोनात दुमडावे हे ठरवता येते, आणि त्या मापाचे छापील मार्गदर्शक साचे हाडावर बसवून करवत चालवता येते. दातावर दात नीट बसले तर तो माणूस पुन्हा भाकरी चावू शकतो. तंबाखूच्या या मुलखाने प्रतिमांच्या जुळणीची आस धरायची असेल तर ती प्रथम येथे धरावी असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी लागणाऱ्या साऱ्या गोष्टींत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पिशवीतला मूळ स्कॅन. काळी फिल्म किंवा तिचा मोबाइलवर काढलेला फोटो यांच्यावरून निदानाची चर्चा होईल. जुळणी होणार नाही. ती होण्यासाठी प्रत्येक छेदाबरोबर त्याची जाडी, त्याचे मिलिमीटरमधील स्थान आणि रोगी उताणा होता की पालथा ही नोंद असलेल्या मूळ फायली लागतात. १९९३ पासून डायकॉम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत त्या जगभर सारख्याच लिहिल्या जातात, बेळगावच्या यंत्राने लिहिलेले परळच्या यंत्राला वाचता येते. पाच मिलिमीटर जाडीच्या छेदांतून दोन मिलिमीटरची अचूकता मागता येत नाही, म्हणून छेद मिलिमीटरभराचे, निदान त्याच्या आसपासचे असावेत. सीमाभागात या दप्तराचे महत्त्व अधिकच, कारण येथला रोगी खर्चासाठी कधी कर्नाटकाची आरोग्य योजना धरतो, तर कधी महाराष्ट्राने २०२३ साली ८६५ गावांना देऊ केलेली महात्मा जोतिराव फुले योजना. दोन्ही राज्यांत त्यावरून वाद झाला, आणि कोणत्या दालनात कोणते कार्ड चालेल याची रोग्याला आगाऊ शाश्वती नसते. योजना बदलली की रुग्णालय बदलते, रुग्णालय बदलले की तपासण्या पुन्हा होतात, आणि त्यांत आठवडे जातात.

म्हणून स्कॅन झाल्यावर खिडकीशी अहवालाच्या कागदाबरोबर पातळ छेदांसकट सर्व मूळ फायलींची चकती मागून घ्यावी. तिच्यावर तारीख आणि अवयव पक्क्या शाईने लिहावा. तिची एक नक्कल घरातल्या कोणाच्या संगणकावर उतरवून ठेवावी. आणि पुढच्या रुग्णालयात पोचल्यावर, पुन्हा स्कॅन करण्याची चिठ्ठी हाती पडण्यापूर्वी, ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून ही चालेल का असे विचारावे.